कपाटातला हेडफोन आणि आलहाइडचे कान

विट्टेनबेक,
रविवार, ऑगस्ट अर्धा सरला

प्रिय गेशे,

तुला, तुझ्या दुकानाला आणि तुझ्या नवरोबाच्या, योर्नच्या डाव्या गुडघ्याला तुझ्या चुलतभावाचा नमस्कार. गुडघा आता वाकतो का? ईस्टरला तो आमच्या पायऱ्या उतरत होता तेव्हा घाम मला फुटला होता. तू पाठवलेले आंबवलेले मासे मिळाले आणि संपलेही. (बरण्या आलहाइडने धुऊन ठेवल्यात. परत हव्यात असं तू कधी म्हणत नाहीस, पण तुझा चेहरा म्हणतो.) टेलिफोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. तर बाई, तू आधी तुझा टेलिफोन बदल. गेलं वर्षभर त्यातून तुझा आवाज रजईखालून आल्यासारखा येतोय. आमच्या बाजूने दोष नाही, मी इथलं यंत्र दोनदा बदलून पाहिलं.

मी ठणठणीत आहे. काळजी आहे ती आलहाइडची. तू इतकी वर्षं फ्लेन्सबुर्गात लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवून देतेस, तेव्हा हे तुलाच सांगायला हवं. माझ्या बायकोला नसलेले आवाज ऐकू येतात.

झालं असं की मी नवा हेडफोन घेतला. (किंमत विचारू नकोस. आलहाइडनेही विचारली नाही, पावती तिच्याच हातात पडली.) ब्लॅक फॉरेस्टमध्ये एक म्हातारा आणि त्याची मुलगी असे हेडफोन हाताने बनवतात, अक्रोडाच्या लाकडाच्या वाट्या आणि मेंढीच्या कातड्याच्या गाद्या लावून. असला हेडफोन आणल्याआणल्या ऐकायचा नसतो. नवा बूट जसा आधी चालवून मऊ करावा लागतो, तसा हाही करावा लागतो. दोन आठवडे त्यात एकसारखी बारीक सूं सूं सोडून ठेवायची, मग आतला पडदा सैलावतो आणि त्याचा खरा स्वभाव कळतो. (तू हसते आहेस. योर्नही हसला होता. हसा दोघं.) मी तो झोपायच्या खोलीतल्या कपाटात हिवाळी कोटांच्या मधोमध टांगला, दारावर 'उघडू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी न्याहारीला आलहाइड म्हणाली, "हेनिंग, कपाटातला तो साप बंद कर." मी वर जाऊन कपाटाच्या दाराला कान लावला. चिडीचूप! खाली येऊन सांगितलं, अगं, काही येत नाहीये ऐकू. तर म्हणते, "मला इथे चुलीपाशी ऐकू येतोय." स्वयंपाकघर खालच्या मजल्यावर आहे, गेशे! बरं, कपाट उघडून बघावं तर मध्येच गार हवा लागून सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. (हे माझं मत. आमच्या हेडफोन मंडळात यावर दोन तट आहेत.) शेवटी ती उशी बगलेत मारून शिवणाच्या खोलीत झोपायला गेली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, एक तर हेडफोन मेलेला आहे, नाहीतर आलहाइडच्या कानात काही तरी शिरलंय. म्हाताऱ्याला खरमरीत पत्र टाकलं, की तुमचा माल मुका निघाला. त्याच्या मुलीचं उत्तर आलं, अगदी लाघवी: इथून निघाला तेव्हा तो छान बोलत होता, घरात आणखी कुणी असेल तर त्यांना विचारून पाहावं. आता यात माझ्या बायकोचा काय संबंध?

हे कमी होतं म्हणून त्यातच मंडळाची वार्षिक तुलना आली. आमचं हेडफोन मंडळ तुला माहीत आहे, पण तू त्याची कायम थट्टा करत आलीस, म्हणून नीट सांगतो. दर ऑगस्टला आम्ही गावच्या अग्निशमन दलाच्या इमारतीत वरच्या खोलीत जमतो. आधी कॉफी आणि प्लमचा केक, मग साबणाने हात धुणं (हा नियम आहे, कारण एकदा आमच्यातल्या ओटमारने प्लमच्या बोटांनी एका पांढऱ्या गादीला हात लावला होता आणि तो आणि तिचा मालक अजून एकमेकांशी बोलत नाहीत), आणि मग प्रत्येकाने आणलेला हेडफोन एकाच संगीतावर पाळीपाळीने ऐकायचा. कुणाचा आवाज उबदार, कुणाचा कोरडा. एक हेडफोन गाणारीला तुमच्या शेजारी आणून बसवतो, दुसरा तिला चर्चच्या पार त्या टोकाला उभी करतो. एकाचा खर्ज तळघरातून जड पावलांनी वर येतो, दुसऱ्याचा जिन्यातच धापा टाकतो. हे सगळं शब्दांत पकडून शेवटचा निकाल द्यायचा मुख्य पंचाने, आणि मंडळ सुरू झाल्यापासून मुख्य पंच मी. माझी खुर्चीसुद्धा ठरलेली आहे, खिडकीजवळची, जुन्या नाटकगृहातून आणलेली, लाल मखमलीची. जमीन मोजणी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून मी तोंड उघडलं की माणसं गप्प होतात अशी जगात तेवढी एकच जागा उरली आहे. (घरी काय होतं ते तू पाहिलंयस.)

या वर्षी आमचा खजिनदार फोलकर्ट, तो छपरं शाकारणारा, त्याने टूम काढली की डोळे बांधून ऐकायचं, कारण माणूस म्हणे कानांनी नाही, नाव वाचून ऐकतो. अरे, पण डोळे बांधून काय साधणार? आम्ही गादीच्या नुसत्या वासावरून हेडफोन ओळखतो. ओटमारच्या हेडफोनला त्याच्या पाइपचा वास येतो आणि अध्यक्षीणबाई फ्राऊ त्यार्क्स जनावरांच्या डॉक्टर असल्यामुळे त्यांच्या हेडफोनला कसला वास येतो ते न विचारलेलं बरं. पण ठराव झाला. संगीत म्हणून एका मोठ्या वाद्यवृंदाचा तुकडा घेतला. त्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात आणि ट्रँगल, म्हणजे तो लोखंडी तिकोना (मंडळात आम्ही त्याला घंटा म्हणतो), अगदी हलकेच किणकिणतो. ज्या हेडफोनमधून ती किणकिण नितळ येईल तो जातिवंत.

पहिला हेडफोन डोक्यावर चढला. संगीत संपलं, शांतता झाली, तिकोना नाही. मी निकाल सांगितला: खर्ज भरदार, मधला भाग दुधावरच्या सायीसारखा, पण घंटा गिळली. दुसरा. घंटा गिळली. तिसरा माझाच, कपाटातून थेट आणलेला (बोलत होता, म्हणजे म्हाताऱ्याच्या मुलीचं तेवढं खरं होतं), त्यानेही गिळली! सगळे हेडफोन झाले, एकातही किणकिण नाही. मी डोळ्यांवरची पट्टी काढून उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं की यंदा बक्षीस कुणालाच नाही. कारखानदारांनी हल्ली वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांवर सरसकट पांघरूण घालायचं ठरवलेलं दिसतंय, मी हे तीन-चार वर्षं बजावतोय आणि कुणी मनावर घेत नाही.

मग फ्राऊ त्यार्क्स, गाभण गाईशी बोलावं तशा हळुवार आवाजात मला म्हणाल्या, "हेर लोमान, घंटा आम्हा सगळ्यांना ऐकू आली. प्रत्येक हेडफोनमधून आली." मी म्हटलं, तुम्हाला ती तिथे असते हे पाठ झालंय, म्हणून ऐकू येते. यावर फोलकर्ट उठला. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या लग्नात आम्ही हातात हात गुंफून प्यालो होतो आणि त्या दिवसापासून एकमेकांना 'तू' म्हणतो. तो उठला आणि भर सभेत म्हणाला, "हेर लोमान, तुम्ही एकदा कान दाखवून घ्या."

तुम्ही! आणि वर 'हेर', श्रीयुत म्हणावं तसं, आडनावासकट! गेशे, आमच्याकडे 'तू' झाल्यावर पुन्हा 'तुम्ही' म्हणजे काय ते तुला सांगायला नको. नवराबायको वेगळे होतात तेव्हासुद्धा इतकं करत नाहीत. ओटमारच्या हातून काटा पडला. (तो पडलेला मला स्वच्छ ऐकू आला, हे लक्षात ठेव.) मी म्हटलं, "छपरांवर हातोडे मारून तुझे पडदे फाटलेत, तू मला सांगतोस?" तर म्हणाला, "म्हणूनच तर मी दर वर्षी तपासून घेतो." मग ठराव आला आणि मंजूरही झाला, की सप्टेंबरच्या बैठकीपर्यंत मी कान तपासून घेतल्याचा दाखला आणावा, नाहीतर मुख्य पंच फोलकर्ट! ज्या माणसाकडे कुठल्याही हेडफोनसाठी 'झकास' हा एकच शब्द आहे, तो माझ्या मखमलीवर बसणार! माझा नुसता तिळपापड झाला. मी असला दाखला मुळीच आणणार नाही, हे तिथेच ठणकावलं आणि केक अर्धा टाकून निघालो. पण तुला म्हणून सांगतो, ती खुर्ची गेली तर बैठकीच्या शनिवारी मी कुठे जाऊ?

डोकं थंड व्हावं म्हणून आज आम्ही दोघं माळावर फिरायला गेलो. सगळा माळ जांभळ्या फुलांनी भरलाय, पण काय भयाण शांतता! आपल्या लहानपणी ऑगस्टमध्ये इथे नाकतोड्यांची किरकिर इतकी असायची की तुझी आई दोन्ही कानांवर हात ठेवून चालायची, आठवतं? आता एक नाही. शेतकऱ्यांनी औषधं फवारून सगळे मारले. मी दर वर्षी नगरपालिकेला पत्र लिहितो आणि दर वर्षी उत्तर येतं की गणती केली, नाकतोडे भरपूर आहेत. कशाची गणती करतात देव जाणे, कचेरीत बसून! आलहाइड शेजारून चालता चालता काही तरी म्हणाली. मी हो म्हटलं.

तर मुद्दा हा, की तिला तुझ्याकडची एक वेळ दे. कान दाखवायचे आहेत असं तिला सांगायचं नाही, समुद्र बघायला जाऊ म्हणून मी तिला गाडीत घालून आणतो. पुढचं तू सांभाळ. योर्नला सांग, गुडघ्याला मोहरीचा लेप लाव. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
हेनिंग

ता.क. पाकिटांवर तिकिटं आलहाइड लावते, त्यामुळे तिने पत्र वाचलं. ती समुद्र बघायला येणार नाही. हेडफोन मी बैठकीहून आल्यावर पुन्हा कपाटात टांगला होता. तिने चिठ्ठी फाडली, कपाट सताड उघडलं आणि मला कोटांसमोर उभं करून विचारलं, काय ऐकू येतंय? मी म्हटलं, काही नाही. तिने मला खांद्याला धरून पुढे ढकललं, पार कोटांच्या आत. तेव्हा कुठे किटलीत पाणी तापायला लागावं तसं काही तरी आलं. ती म्हणते, हाच साप. तेव्हा ती वेळ रद्द करू नकोस, फक्त नाव बदल.

ता.क. २. हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. फोलकर्टची मेहुणी तुमच्याच रस्त्यावर राहते, म्हणून मी मागच्या दाराने येईन. एकच यंत्र पुढे करून मोकळी होऊ नकोस. चार-पाच वेगवेगळ्या स्वभावांची मांडून ठेव, मी पाळीपाळीने ऐकून निकाल देईन. उबदार नको, उबदार पुष्कळ झालं. आणि ती आधी चालवून मऊ करावी लागत असतील तर तसं कळव, आमच्याकडे कपाट रिकामं झालंय.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. आलहाइड म्हणते, नाकतोडे कुठेही गेलेले नाहीत. आजही माळावर इतके ओरडत होते की तिला माझं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. मी भडकलो. म्हटलं, मग इतकी वर्षं मला नगरपालिकेला पत्रं का लिहू दिलीस? सांगायचं नाही? तर म्हणाली, "दर वर्षी सांगते, हेनिंग. आजही सांगितलं. तू दर वर्षी हो म्हणतोस." खुर्चीचं सप्टेंबरात काय व्हायचं ते होऊ दे. पण पहिली थंडी पडली की नाकतोडे मरतात म्हणे. मला याच आठवड्यातली वेळ दे.