ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा

ती. ताईस,

लोखंडी खाटेवर बसल्या बसल्या नमस्कार. (वाकून करायचा तर दोन खाटांमध्ये तेवढी जागा नाही. मनातून वाकले आहे असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? माझी लेक टिल्ली मुकाट दूध पिते, की तुलाही गुंडाळते? मी बरी आहे. इथे जेवण वेळेवर मिळतं आणि भांडी आपल्याला घासावी लागत नाहीत, एवढ्यावरून अंदाज कर. हे पत्र सुटून चाललेल्या एका बाईच्या चपलेत घालून पाठवते आहे, कारण इथल्या पेटीत टाकलेलं पत्र आधी साहेब वाचतात. तू वाचलंस की फाडून टाक.

मुख्य गोष्ट आधी. तुझा लेक सुटला. पत्र पोचेपर्यंत तो घरी आलेलाही असेल. पण काय झालं ते तो धड सांगणार नाही (लहानपणी हात मोडला तेव्हाही त्याने ते जेवण झाल्यावर सांगितलं होतं), म्हणून मी सांगते.

परक्याच्या गाडीत जीव घालवण्यापेक्षा घरच्या माणसाच्या गाडीतून जा, असं तूच म्हणालीस आणि ते बरोबरच होतं. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. त्याच्या ट्रकमध्ये गाद्या होत्या, नव्या कोऱ्या, प्लास्टिकमध्ये बांधलेल्या. माझ्याएवढ्या आरामात चोरून सरहद्द ओलांडलेली बाई दुसरी नसेल. तेच नडलं. निघायच्या आधीच्या काळजीने डोळ्याला डोळा लागला नव्हता. गादीला पाठ टेकली आणि मी मेल्यासारखी झोपले. मेल्यासारखी झोपले असते तर बरं झालं असतं. मी घोरायला लागले.

नाक्यावर ट्रक उभा, शिपाई कागद बघतोय आणि आतून माझा आवाज. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? इंजिन चालू करावं, खोकावं, काहीही करावं. तुझ्या लेकाने काय केलं? जन्मभर आपल्या घरात मी घोरले की जो उठेल तो जे करतो, तेच केलं. पत्र्यावर दोन थापा मारल्या. आणि मी जन्मभर जे करते तेच केलं. कूस बदलली आणि गप्प झाले. शिपायाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग ताडपत्रीकडे.

पुढचं सगळं या दोन थापांवर चाललं. इथला कायदा असा, की एकदा परत पाठवलेली बाई (म्हणजे मी, हॉटेलातल्या चादरींना इस्त्री करताना धरली होती ती) पुन्हा चोरून आली तर तुरुंग. आणि माणूस आत बसलंय हे माहीत असून जो आणतो, त्याला दहा वर्षं. तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, पेट्रोल पंपावर ट्रक उभा होता, माझी मी चढले, या माणसाला मी ओळखत नाही. ज्याला मी न्हाऊ घातलं, ज्याचं नाक पुसलं, त्याच्याकडे बोट करून म्हटलं, ताई. शर्टाची बटणं वरखाली लावून उभा होता. माझे हात नुसते शिवशिवत होते.

सरकारी वकील हुशार. म्हणाला, थापा ऐकून ही बाई कूस बदलते, म्हणजे यांची जुनी ओळख आहे. मी म्हटलं, साहेब, मला कुणीही थापा मारल्या तरी मी वळते, मी काय माणूस बघून घोरते? कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, बघा करून. कुठल्यातरी दुपारी पहारेकरीण येईल, भिंतीवर थापा मारील आणि काय होतं ते लिहून देईल.

आता पंचाईत अशी की इथे आल्यापासून मला झोपच नाही. घोरणार कुठून? सोंग करावं, तर मी स्वतःचं घोरणं कधी ऐकलेलंच नाही. मग तू आठवलीस. पाहुण्यांसमोर माझी नक्कल करायचीस ना, आधी शिटी, मग मधेच श्वास अडकल्यासारखं, मग भलामोठा खड्डा पडल्यासारखा आवाज? ज्या नकलेवरून मी तुझ्याशी अबोला धरला होता तीच. रोज दुपारी डोळे मिटून मी तुझी नक्कल केली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, अगं ए, पाया पडते, बस कर. मी थांबले नाही. एका दुपारी भिंतीवर दोन थापा पडल्या. मी कूस बदलली आणि गप्प झाले. भिंतीकडे तोंड होतं ते बरं झालं.

संशयाचा फायदा देऊन त्याला सोडलं. मला तीन वर्षं. नंतर घरी पाठवतील आणि पुन्हा कधी येऊ देणार नाहीत. आलीस कशाला म्हणून रागावतात आणि जायलाही देत नाहीत, असलं हे यजमानपण. पण छप्पर गळत नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. एक त्याला कळू देऊ नकोस. माझ्या वकीलबाईंनी विचारलं होतं. या ड्रायव्हरनेच जाणूनबुजून आणलं असं सांगितलंत तर शिक्षा माफ, थेट घरी. दुभाषी बाई आपल्याकडची, कानाशी लागून म्हणाली, "मावशी, हट्ट करू नका, मुलगी लहान आहे तुमची." मी म्हटलं, त्याने आणलं असतं तर सांगितलं नसतं का? हे त्याला कळलं तर तो जेवणार नाही.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसले. टिल्ली माझ्यासारखीच घोरते. तुमच्या घरात कुणी भिंतीवर थापा मारू नका. झोपू दे तिला. सकाळी मात्र तिच्यासमोर नक्कल करून दाखवत जा, चिडली तरी. तिचं तिला पाठ असू दे.