पाठीवरची चौकट

आबा, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होतील. चारचौघांत मी तुमच्याबद्दल आदरानं बोलते, कारण तशी पद्धत आहे. खरं सांगायचं तर तुमची आठवण आली की ओठ आपोआप वाकडे होतात. जंगल खात्यात उभी हयात गेली म्हणून सातपुडा आपल्या खिशात आहे, अशा थाटात तुम्ही धुळ्यात वावरायचात. डोंगर चालणं तुम्हाला ठाऊक होतं, ओझं मात्र नव्हतं. ते कायम दुसऱ्याच्या पाठीवर असायचं.

मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी तोरणमाळ पायी चढायचं ठरवलं. माझं सामान मीच वाहणार, हेही सांगून टाकलं. तुम्ही हसलात आणि मला न विचारता सोबत यायचं नक्की केलंत. मग पाठीवरच्या पिशवीला चौकट कोणती घ्यायची, हा प्रश्न आला. बाजारात टोपल्या विकायला येणाऱ्या एका बुरुडांना मी नाना म्हणायचे. पायथ्याच्या गावचे, तुमच्याच वयाचे. त्यांनी माझ्या उंचीचा अंदाज घेऊन बांबूची चौकट करून आणली. दोन उभ्या काठ्या, खाली सामान टेकायला फळी, पाठीला टोचू नये म्हणून मध्ये सुंभाची वीण. तुम्ही पुण्याच्या लष्करी मालाच्या दुकानातून लोखंडी नळ्यांची मागवलीत, कुणा गोऱ्या शिपायाच्या मापाची. नानांनी ती उचलून पाहिली. म्हणाले, "ताई, याना बठ्ठा भार कमरले लागी." सगळं ओझं कमरेवर येईल, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणालात, "टोपल्या विणणारा आता मला डोंगर शिकवणार? माझी मुलगी पाठीला बांबू बांधून फिरणार नाही." मी चोवीस वर्षांची, कमावती बाई. मी लोखंडी चौकट घेतली. बांबूची नानांनी स्वतःच्याच पाठीला लावली, कारण तुमची वळकटी, तुमचा फराळ, तुमची दुर्बीण वाहायला तुम्ही त्यांनाच ठरवलंत.

चढ सुरू होतो. तुम्ही पुढे, हातात फक्त काठी, झाडांची नावं सांगत. दर पावलाला खालची नळी माझ्या कमरेच्या हाडावर आपटते. उन्हं डोक्यावर येईपर्यंत लुगड्याला रक्त लागलंय. मी सांगते, तर तुम्ही मागे न वळता म्हणता, "होईल सवय." आणि त्यानंतर थोड्याच वेळात सुटा दगड तुमच्या पायाखालून निसटतो. घोटा बघता बघता सुजला. जंगलाचा राजा वाटेत बसून विव्हळू लागला. आत कुठेतरी मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

नानांनी सामान झाडाखाली ठेवलं, चौकटीच्या फळीवर घोंगडी घडी करून घातली, तुम्हाला तिच्यावर बसवून दोरीनं बांधलं आणि उठले. तुमची पाठ त्यांच्या पाठीला, म्हणून तुमचं तोंड मागून येणाऱ्या माझ्याकडे. सगळा घाट आपण एकमेकांकडे बघत उतरलो. नानांचा श्वास मला ऐकू येत होता, तुम्हाला तर पाठीतून जाणवत असणार. थांबायचं का, एवढंही तुम्ही त्यांना विचारलं नाही. फक्त मला म्हणालात, "हे कुणाला सांगायचं नाही."

मी सांगितलं नाही. तुम्हीच सांगितलंत, वेगळं. घोट्याला फडकं बांधून एकट्यानं घाट कसा उतरलो, ते पाहुण्यांपुढे रंगवून. आठवड्याभरानं अशीच मंडळी जमली होती, मी चहा देत होते, आणि नाना दाराशी आले. हातात सुजेवर बांधायचा पाला. "साहेबना पाय आते कसा शे?"

तुम्ही विचारलंत, "कोण हा?" आणि माझ्याकडे पाहिलंत.

हे कागदावर पहिल्यांदाच उतरतंय, आणि कागद कुठे जायचा नाही म्हणूनच उतरतंय. "बाजारात टोपल्या विकतात," मी म्हणाले. मग नानांकडे वळून, "आज काही नको आपल्याला."

त्यांनी पाला पायरीवर ठेवला आणि गेले. तुम्ही मला तसं बोलायला सांगितलं नव्हतं, आबा. त्यांच्या खांद्यांवर दोरीचे वळ अजून होते, तेही मी पाहिले होते.