कासमभाईच्या ट्रेलरला लाइन

शुक्र. ६ ऑक्टो. ६७, देरा
जुम्म्याहून परत आलो तर अंगणात ट्रेलर उभा. कंपनीचा ट्रक सोडून गेला, ड्रायव्हर पावतीवर घरच्या खालेचा अंगठा घेऊन पसार. कासमभाई, माझा थोरला, वर्षभर यातच राहायचा, वाळवंटात, अमेरिकन सर्व्हेवाल्यांचा स्वयंपाक करत. ॲक्सल मोडलाय, कंपनीला नको, म्हणून आम्हाला. भाई उन्हाळ्यात वाळूत हरवला, तो काही त्यांना सापडला नाही. जीप सापडली, विमानाने दोन फेऱ्या मारल्या आणि जूनमध्येच हात झटकले.
भाबी आत जाऊन आली. म्हणाली, त्यांच्या उशीला अजून तेलाचा वास आहे. मी टायर बघत बसलो.

रवि. ८
हसनमामू आले. इथे आखातात, देऱ्यात, आमचे वडीलधारे तेच. कापडाचं दुकान, आणि कोकणातून आलेल्या सगळ्यांच्या लग्नमयतीचा कारभार. त्यांची विधवा बहीण, खाला, भाबीच्या सोबतीला आमच्याकडेच असते, त्यामुळे आमच्या घरातलं काही त्यांच्यापासून लपत नाही. ट्रेलरभोवती फिरले, पत्र्यावर थापा मारल्या, म्हैस विकत घेतायत असं वाटावं. म्हणाले, लाइट-पंखा घाल, दोन बॅचलर राहतील. भाबीलाही लाइट हवाय, पण भाडेकऱ्यासाठी नाही. तिला आत दिवा लागलेला बघायचाय. कारणं दोघांची वेगळी, खड्डा मीच खणायचा.

मंगळ. १०
काम सुरू. घराच्या बोर्डावर भार टाकायचा नाही, वेगळी लाइन. मीटरपाशी स्वतंत्र मेन स्विच, स्वतंत्र फ्यूज, जमिनीखाली पाइपातून केबल, कंपाउंडच्या भिंतीवर पत्र्याच्या टोपीखाली सॉकेट. ट्रेलर एकशेदहा व्होल्टचा, आपला करंट दोनशेवीस, म्हणून सॉकेटपाशी ट्रान्सफॉर्मर. अर्थिंगने जीव खाल्ला. वाळू कोरडी ठणठणीत. कोळसा-मीठ भरून भाबीकडून बादल्या ओतून घेतल्या. अर्थिंग धड नसेल तर सगळा पत्राच शॉक मारील, असं तिला बजावलं. तिने मान हलवली आणि पत्र्यावर तळहात टेकवून उभी राहिली.

शनि. १४
मेन टाकला. दिवा लागला, पंखा फिरला, भाबी रडली. मी बाहेर जाऊन सिगरेट ओढली.
चुलीवरच्या भिंतीत विजेचं घड्याळ आहे, ते आपोआप चालू झालं. सव्वासहावर थांबलेलं होतं. भाई निघताना जनरेटर बंद करून गेला असणार. संध्याकाळी पुढच्या कॅम्पला पीठ पोचवायला निघाला, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगतात. मी वेळ लावायला हात वर केला तर भाबीने मनगट धरलं.
"राहू दे. ते निघाले तिथूनच चालू दे."
मनगटाबद्दल काय लिहू. धरलं, सोडलं.

सोम. १६
घड्याळ मागे पडतंय. तासाला दहा मिनिटं, चोख. डोकं खाजवलं, मग स्वतःलाच हसलो. अमेरिकन घड्याळ करंटच्या सायकली मोजून चालतं, सेकंदाला साठ, आपला करंट पन्नासचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, सायकल बदलत नाही. भाबीला समजावलं. तिला झटकन कळलं.
"म्हणजे आत वेळ हळू जातो."
वेळ नाही, घड्याळ, मी म्हटलं. ती म्हणाली, तेच ते.
एकूण आता वेळा तीन. मामूंच्या घड्याळात मगरिबला, सूर्य बुडाला की, बारा वाजतात, अरबी हिशेब. माझं ऑफिसचं. आणि हे.

गुरु. १९
मामूंनी दुकानात बोलावलं. मौलवींना विचारून झालंय. उन्हाळ्यात, पाण्याशिवाय, वाळूत कोण जगतं? भाई गेला असं धरायचं. पुढच्या शुक्रवारी, २७ ला, भाबीला सांगायचं. ती चार महिने दहा दिवस घरात इद्दतीला बसेल, इद्दत संपली की बोटीने माहेरी, दापोलीला. मी मान खाली घालून ऐकलं. मग कापडाच्या थानाची घडी घालता घालता मामू म्हणाले, नाहीतर तू घरचाच आहेस, पोरगा सरळ आहेस, इन्शाल्ला पुढचं पुढे बघू.
खाडीच्या कडेकडेने चालत आलो. मला हवंय. एकदा लिहून टाकलं. भाईच्या जागेवर डोळा, म्हणून लाज वाटते, तरी हवंय.

रवि. २२
भाबी आता दिवसभर आतच असते. जेवायला तेवढी बाहेर, तेही खाला ओरडली तर. विचारलं, तिथे एकट्या काय करता? पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाहेर दिवस जास्त झालेत. इथे तेवढे झालेले नाहीत. तुम्ही सगळे उगाच घाई करता."
डोळे स्वच्छ, बोलणं नीट. वेडी झाली असती तर मला सोपं होतं.
पीठ बरंच होतं, एकटीला लागेल त्याहून.

मंगळ. २४
माझं चावीचं गजराचं घड्याळ आत नेऊन ठेवलं. त्याचं करंटशी काही देणंघेणं नाही. खरी वेळ कुठली, ते भाबीला दिसलं म्हणजे शुक्रवारी मामूंचं ऐकेल, असा बेत.
संध्याकाळी पाहिलं. दोन्ही घड्याळांची चाल एकच. माझंही मागे. चावी कमी बसली असेल.

बुध. २५
चावी पूर्ण दिली होती. तेच. बाहेर आणलं की ठीक, रात्रभर माझ्या उशाशी ठीक. सकाळी आत नेलं, दुपारपर्यंत पुन्हा भिंतीवरच्याच्या जोडीने रेंगाळतंय. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकाने स्प्रिंग धरली असेल म्हणावं तर ट्रान्सफॉर्मर बाहेर, भिंतीवर, मीच ठोकलाय.
भाबीला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. मला भीती वाटतेय, आणि कशाची ते

शुक्र. २७
जुम्म्यानंतर मामू दोघा बुजुर्गांना घेऊन येणार होते. त्याआधी मीच सांगावं म्हणून आत गेलो. खालेला दारातच बसवलं होतं. भाबीने चहा दिला. मामूंचं ठरलंय, एवढंच बोललो आणि कप तोंडाला लावला. माझं मनगटी घड्याळ आणि भिंतीवरचं अगदी सारखं चालत होतं, तेवढं बरं वाटलं. चहा संपवला. शेवटचा घोटही गरम होता.
बाहेर आलो तर उन्हं उतरलेली. असरची नमाजही होऊन गेलेली. खाला दारात नव्हती, अंगणात मामूंच्या चपलांच्या खुणांकडे बघत बसली होती. तिने सांगितलं, मामू आले, दार ठोठावलं, नावाने हाका मारल्या. बुजुर्गांसमोर त्यांची शोभा झाली. शेवटी गेले. मी एकही हाक ऐकली नाही.
"दोन-तीन तास दार लावून आत काय करत होतास?" खाला.
चहा पीत होतो, म्हटलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती जन्मभर विसरणार नाही. दार मी लावलेलंच नव्हतं. आणि तासाला दहा मिनिटांचा हिशेबही आता राहिला नाही.

शनि. २८
दुकानातल्या माणसाकडून मामूंचा निरोप: "लाइन आज डिस्कनेक्ट कर. भाबीला उद्या आमच्या घरी आणून सोड. खलास." वाद घालायला माझ्याकडे तोंड नाही.
मगरिबची अजान झाल्यावर पक्कड घेऊन मेनपाशी गेलो. काढावीच असं मनापासून वाटत होतं. तिच्यासाठी, आणि खोटं कशाला लिहू, माझ्यासाठी. आत दिवा होता, पडदा ओढलेला. कांदा तळल्याचा वास. भाबी हळू आवाजात बोलत होती, मधेच थांबत होती, पुन्हा बोलत होती. मी मेनवर हात ठेवला, तेवढ्यात तिने खिडकीची काच सरकवली. इतका निवांत चेहरा मी तिचा उन्हाळ्यानंतर पाहिला नव्हता.
"इस्माईल, जरा थांब. हे हात धुतायत."
तिच्यामागे बेसिनमध्ये पाणी पडत होतं.
या ट्रेलरला मी फक्त करंट दिलाय. पाण्याची लाइन नाही. छपरावरची टाकी पंखा बसवताना मी स्वतः उघडून पाहिलीय, आत ओंजळभर वाळू होती.
भाबीने काच लावून घेतली. थोड्या वेळाने नळ बंद झाला.
मेन तसाच ठेवून घरात आलो. पक्कड अजून हातात आहे. खाला विचारतेय, काढलीस का लाइन.