देवाचा वळू आणि साहेबांचा शब्द

महाड, मंगळवार, २ मे १९६१
नव्या साहेबांना एक इंग्रजी शब्द भारी आवडतो. अनक्लेम्ड. कचेरीत राहिलेली छत्री अनक्लेम्ड, एस.टी. स्टँडवरचं गाठोडं अनक्लेम्ड. आज कोंडवाड्यात वळू आला तोही अनक्लेम्ड. बाजारात भाजीच्या पाट्या उधळल्या म्हणून धरला. मुदतीत मालक आला नाही तर लिलाव. मी कोंडवाड्याचा कारकून, म्हणून बघायला गेलो आणि पाहताच ओळखला. कपाळावरचा पांढरा चांद. आमच्या गावचा, देवाला सोडलेला. सोडला कुणी, तर आमच्याच आबांनी, नात यमू विषमज्वरातून उठली तेव्हा. गावाकडे चारा संपला, म्हणून उतरला असेल.


३ मे
सौ.ला सांगितलं. “अनक्लेम्ड म्हंजे?” “बेवारशी.” “बेवारशी कसा? आख्खा गाव त्याला घास घालतो.”
तेच तर. घास सगळे घालतात, माझा कुणी म्हणत नाही. म्हणायचंच नसतं. देवाला दिलेलं माझं म्हटलं की नवस परत घेतला. सौ.च्या ध्यानात आलं तशी यमूला जवळ ओढून बसली. “तुमी मधी पडू नका. माजी पोर हाय ती.” जशी काय माझी नाही!

५ मे
साहेबांना हळूच म्हटलं, हा देवाचा आहे. हसले. “मग देवाला येऊ द्या. ओळख पटवा, दंड भरा, घेऊन जा. नाहीतर अनक्लेम्ड.” कायद्याला मालक लागतो, त्यांचा दोष नाही. तरी चीड आली ती आलीच.
लिलाव बुधवारी.

रविवार, ७ मे
गावी जाऊन आलो. आबांनी गावकी जमवली. दंड भरायला सगळे तयार, मालक म्हणून यायला एक माईचा लाल पुढे होईना. जो तो दुसऱ्याकडे बघतोय. शेवटी देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, “मालक म्हनून मानसानं हुबं ऱ्हावं का? व्हय तर उजवी दे, नाय तर डावी दे.” उन्हं उतरेपर्यंत बसलो. एकही पडली नाही. गुरवानं पाणी जास्त लावलं असेल. की देवालाही कुणाच्या भानगडीत...
निघताना आबा म्हणाले, “लिलावात कोन घेनार ठाव हाय ना रे? खाटकाकडं जाईल.”   म्हाताऱ्याने नवस केला, फेडला, मोकळा झाला. आता निस्तरा तुम्ही.

९ मे
गवत घालायला गेलो तर हात चाटला मेल्याने. जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, “देवाला त्याचं राखता येत नाय व्हय?”  उद्या कचेरीत जाऊच नये. आजारी म्हणून चिठ्ठी... पण मग त्याला कोण...
भीती वाटते. दोन्हीकडची.

बुधवार, १० मे
घेणारे दोघे आले. एक जण वळूची पाठ चाचपून दर बोलायला लागला. साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “कुणाचा आहे का? शेवटचं विचारतो.”
“माझा,” मी म्हणालो.
“अहो, मग इतके दिवस काय करत होता?”
“चुकलं साहेब.” दुसरं काय सांगणार?
दंड भरला. पोलादपूरच्या रस्त्याला लागून थेट आमच्या गावच्या वाटेपर्यंत हाकत नेला. वळूनसुद्धा बघितलं नाही त्याने. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
घरी आलो तर सौ.ला आधीच कळलेलं. भाकरी वाढली आणि उठून गेली. दिवेलागणीला यमू मांडीवर येऊन बसली. अंग कोमट लागलं. मी हात लावून पाहिला, सौ.ने पाहिला, पुन्हा मी. “उन्हात हुंदडली ना दुपारभर,” मी म्हटलं. सौ. माझ्याकडे बघत राहिली.
शेजारच्यांकडे थर्मामीटर मागायला गेली आहे. अजून आली नाही.