रक्षकांच्या हातात मेलेला ट्राउट माझ्या नावावर

प्रति,
मा. विभागीय मत्स्य अधिकारी,
लार्चफोर्क कार्यालय, मोंटाना.

विषय : रक्षक श्री. पार्ट्रिज यांनी मारलेला मासा माझ्या नावावरून काढून, गणना-पथकात माझे नाव परत घालणेबाबत.
संदर्भ : स्टोव्हपाइप तळ्याकाठी मला दिलेली गुन्ह्याची पावती, दि. २१ जून.

महोदय,

मी अकरावीत शिकते. डोंगरातल्या तळ्यांमधले मूळचे कटथ्रोट ट्राउट मोजायला दर उन्हाळ्यात जे पथक पाठीवर बिऱ्हाड घेऊन चढते, त्यात यंदा आमच्या शाळेतून माझी एकटीची निवड झाली होती. 'होती' असे लिहावे लागते, ते आपल्या रक्षकांमुळे.

१. मी व माझी इंग्रिड मावशी तळ्याशी मुक्कामाला होतो. सकाळी गळाला पिसांची खोटी माशी लावून मी एक कटथ्रोट धरला. माशाला इजा होऊ नये म्हणून गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने चेपून आणला होता. मासा जाळीत, जाळी पाण्यात, माझे हात ओले. इथवर मासा माझ्यापेक्षा ठणठणीत होता.

२. तेवढ्यात श्री. पार्ट्रिज आले. मासा मूळचा की बाहेरून आणून सोडलेला, हे त्यांना ठरवायचे होते. मूळच्या माशाची गळ्याखालची लाल रेघ पाण्यातही दिसते, असे मी नम्रपणे सांगितले. ते म्हणाले, "पोरी, मला नको शिकवूस. तुझ्या जन्माआधीपासून हेच करतोय मी." मग लोकरीचा कोरडा हातमोजा न काढता त्यांनी मासा उचलला, उताणा केला, मोजपट्टीवर ठेवला, फोटो काढला. त्यात स्वतःचा अंगठा आला म्हणून दुसरा काढला. मावशी म्हणाली, "साहेब, आता टोपी घालून पण एक घ्या त्याचा." कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मासा दगावतो, हे आमच्याकडे पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक असते. पाण्यात सोडल्यावर मासा उताणाच राहिला.

३. यावर त्यांनी विचारले, "जाळी कुणाची?" मी म्हटले, माझी. "मग मासाही तुझाच." झाले, मूळचा ट्राउट मारल्याचा गुन्हा माझ्या नावावर. या न्यायाने रोगी दगावला तर खाटवाल्याला धरावे लागेल. असा गुन्हा असलेल्याला पथकात घेत नाहीत, म्हणून माझे नाव कापले. मासे कसे हाताळावेत हे पथकाला शिकवायला मात्र श्री. पार्ट्रिज यांचीच नेमणूक झाल्याचे कळते. आपल्या कार्यालयात कुणाला हसू आले नाही का?

४. मेलेला मासा पाण्यात टाकून द्यावा, असा हुकूम होता. तो मी मोडला. बर्फात गुंडाळून मासा खाली आणला. म्हणजे मूळचा मासा बाळगल्याचा गुन्हा मी आता खरोखरच केला आहे, तो खुशाल नोंदवावा. त्याला नुसती ताकीद आहे, पथकबंदी नाही. नियम मी वाचला आहे, रक्षकांनीही सवडीने वाचावा. माशाच्या दोन्ही कुशींना हिरवी लोकर चिकटली आहे. माझ्याकडे हिरवा हातमोजा नाही, कुठलाच नव्हता.

पथक पुढच्या आठवड्यात चढते आहे. निर्णय त्याआधी व्हावा. पिशवी मी भरून ठेवली आहे, सोडणार नाही.

आपली नम्र (या अर्जापुरती),
मॅरिट ऑस्टबी
२ जुलै

सोबत : मासा, एक, बर्फात. उचलण्याआधी हात ओले करावेत.