टेकडीवरचा रानवाटाणा आणि सात नंबरची बरणी

येरिंडिन, रविवार

थेल्मा मावशी, तुला तुझ्या ग्वेनचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तितकंच). अल्बनीची समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवते ना? वृद्धाश्रमातला चहा अजून पाणचटच का? इकडे गहू बरा आहे, मेंढ्या बऱ्या आहेत. माणसांबद्दल न बोललेलंच बरं, म्हणून हे सगळं पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

आपली मुरमाची टेकडी पुढच्या सोमवारी रस्त्यासाठी खोदायला घेणार आहेत. १९३१ साली एका पाद्रीबाबाने तिथला एक रानवाटाणा दाबून, वाळवून पर्थच्या वनस्पती-संग्रहात पाठवला होता. तो जगात दुसरीकडे कुठेही नाही. तो पुन्हा सापडला तर टेकडी वाचेल, नाहीतर लॉरीत बसून जाईल. सहा वर्षं मी तिथे गुडघे झिजवते आहे. यंदा मदतीला (देव अशा मदतीपासून वाचवो) रसेल पिम उगवला. मेलबर्नहून निवृत्त होऊन आलाय. चौदा खिशांचं जाकीट आणि हातात उपग्रहाशी बोलणारं यंत्र. त्याच्या पूर्वेकडे म्हणे दिवसभर गाडी हाका, दोन्ही बाजूंना तोच एक वाटाणा. मी म्हटलं, "बाबा रे, इथली माती म्हातारी आणि झाडं हट्टी. मुरमावरचा वाटाणा वाळूत उतरत नाही, वाळूतला मिठाच्या तळ्याकडे फिरकत नाही, आणि शेजारशेजारच्या टेकड्यांवरचे वाटाणे एकमेकांचं तोंड बघत नाहीत." तर म्हणतो, "अगदी तुमच्या गावासारखं!" आगाऊ मेला.

गावाचं तर विचारूच नकोस. पिवळं-लाल फूल दिसलं की झालं, 'अंडं-बेकन'! आसपास साठ जातींचे रानवाटाणे, आणि या लोकांकडे नाव एक, तेही न्याहारीचं. क्लेम हॅगनी तर दिसेल तो वाटाणा मुळासकट उपटतो, का, तर त्याच्या आजोबांच्या मेंढ्या विषारी वाटाणा खाऊन मेल्या. इथले कांगारू तोच पाला खाऊन ढेकर देतात, बाहेरून आणलेली मेंढी दोन घासांत आडवी होते, आणि दोष कुणाचा? वाटाण्याचा!

असो. काल आपलं रानफुलांचं प्रदर्शन झालं. नियम तुला ठाऊक आहे: बोटभर डहाळी, जॅमच्या बरणीत, आणि शेजारी कुठून तोडली त्याची चिठ्ठी. सव्वीस वर्षं वाटाण्यांचं टेबल माझ्याकडे आहे आणि सव्वीस वर्षं मी दारात उभी राहून हा नियम लोकांच्या डोक्यात ठोकते. पर्थच्या त्या संग्रहातून मिस ओकली फुलांची नावं तपासायला आल्या होत्या. सात नंबरच्या 'अंडं-बेकन'पाशी थांबल्या, भिंग काढलं आणि खाली बसल्याच. "बाई, हा तर पाद्रीबाबांचा वाटाणा! कुणी आणला? कुठून?" चिठ्ठी नाही. बोटभर सोडाच, अख्खं झुडूप तोडून बरणीत कोंबलेलं! जागा कळल्याशिवाय टेकडी वाचत नाही, आणि दुर्मीळ झाड तोडल्याचा दंड ऐकल्यावर सभागृहात सगळेच छताकडे बघायला लागले. मी अर्धा तास बोलले. क्लेमला बोलले, पिमला बोलले, आताच्या पाद्र्यांच्या बायकोलाही सोडलं नाही. कुठल्या आंधळ्या गाढवाने हे केलं असेल, तूच सांग!

तुझीच, ग्वेन

ता. क. मीच केलं. शुक्रवारी बरणी रिकामी दिसत होती, चष्मा घरी राहिला होता, आणि उत्तरेच्या उतारावर कुंपणाच्या तिसऱ्या खांबाशी काहीतरी पिवळं दिसलं. सहा वर्षं शोधलेलं झाड मी 'अंडं-बेकन' म्हणून तोडलं. मला फार लाज वाटते गं. तर काम असं: शुक्रवारी तुमच्या आश्रमाची बस फुलं बघायला आली होती. तू खाली उतरली नाहीस, पण कुणाच्या लक्षात आहे? मिस ओकलींना फोन करून सांग की तू तोडलंस. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला कोण दंड करणार?

ता. क. २ (मंगळवार). फोन करू नकोस. काल पत्र टाकायला निघाले तर दारात पिम. म्हणाला, "ग्वेनबाई, शुक्रवारी मी रस्त्यावरून तुम्हाला पाहिलं, टोपीत डहाळ्या घेऊन उतरताना. मी ओकलींना कळवलंय की मीच तोडलं. गावात तुमचा शब्द चालतो, तो राहू दे. मी काय, उपराच आहे." माझे डोळे भरून आले. मग आठवलं, संग्रहातल्या कागदावर आता जन्मभर 'संकलक: र. पिम' लिहिलेलं राहणार! माझ्या वाटाण्यावर! शिवाय त्या शहाण्याने दक्षिणेचा उतार सांगितला होता, का, तर माझी गाडी तिथे उभी होती. तिथे दगडाशिवाय काही नाही. तसाच फोन उचलला आणि सगळं कबूल केलं. आज मिस ओकलींनी तिसऱ्या खांबाशी त्या खुंटाभोवती अकरा रोपं मोजली. टेकडी वाचली. दंडाचा कागद येईल तेव्हा येईल.

ता. क. ३. गावाला आता सगळं कळलंय आणि वाटाण्यांचं टेबल पुढच्या वर्षी पिमकडे जाणार, हे मीच सुचवलं. पण त्या माणसाचे आभार मानायचे राहिलेत. तो मला आवडतो असं त्याला अजिबात वाटता कामा नये, अशा रीतीने आभार कसे मानतात? तू तीन नवरे सांभाळलेस, तुला माहीत असेल. लगेच कळव. गुरुवारी तो चहाला येतोय.