पुलाच्या दोन हकिकती

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसले आहे. मी मजेत आहे. खोलीत ऊन येतं, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

दादाला सांग, इथला तो प्रसिद्ध पूल ऑफिसच्या खिडकीतून दिसतो. त्याच्याच फलकाचा मजकूर लिहायचं काम मला मिळालं. त्यासाठी दोन जुनी पुस्तकं वाचली, एक पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं, दुसरं ठेकेदाराचं. दोघं जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहत होते. तरी दोघंही लिहितात, ‘बांधकामात एकाच्याही जिवाला धक्का लागला नाही.’ उद्घाटनाच्या दिवशीचं धुकं, नावाड्याचं भुंकणारं कुत्रं, सगळं शब्दाला शब्द सारखं.

साहेब म्हणाले, “दोघं वैरी एकच सांगतात, म्हणजे खरंच असणार. लिहून टाका.”

मला पटेना. तू मला लहानपणापासून वकिलीण म्हणतेस ते उगाच नाही. ताईच्या लग्नातलं भांडण तू आणि आत्या कधी एकसारखं सांगता का? तुम्ही तर शेजारी शेजारी उभ्या होतात.

ठेकेदाराने ते पान इंजिनिअरच्या पुस्तकातून उतरवलं असावं. त्याने असं का केलं असेल, हे विचारलं तर साहेब ताकास तूर लागू देत नाहीत. म्हणून ते वाक्य मी फलकात घेतलंच नाही. काल मजकूर दिला. साहेबांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि मला नोकरीत कायम करण्याचा कागद सही न करता कपाटात ठेवला.

तू काळजी करू नकोस. फक्त दादाने माझा पलंग अजून कोणाला दिला नसेल, तर तूर्त राहू दे.

तुझी,
वकिलीण